पुस्तकात ठेवलेली पत्रं

माय,

गेल्या सोमवारी एकोडीची एक बाई माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "मॅडम, पयले हे लिवा, का माहे केस कापू नका." मी पेन उघडलं होतं, ते तसंच हातात राहिलं. तुला हे सुरुवातीपासून सांगायला हवं. तू गेलीस तेव्हा मी वीस वर्षांची होते, आता साठी ओलांडली. शाळेतली नोकरी झाली, पेन्शनीत निघाले. आता आठवड्यातून दोन दिवस साकोलीच्या कोर्टात बसते. ज्यांना वकील करता येत नाही त्यांना तिथं फुकट मदत मिळते. मी वकील नाही, नुसती स्वयंसेवक आहे. लोकांचे अर्ज लिहून देते, कुठल्या खोलीत जायचं ते सांगते, आणि बरेचदा नुसतं ऐकून घेते.

आता एक नवा कायदा आहे. मनाचा आजार असलेल्या माणसाला बरं असतानाच लिहून ठेवता येतं, की मी पुन्हा आजारी पडलो तर माझ्यावर कोणते उपचार करा, कोणते करू नका, आणि माझ्या वतीनं कोणी बोलायचं. ती बाई तेच लिहून द्यायला आली होती. तीन वर्षांपूर्वी तिला कुठल्याशा बाबाच्या ठिकाणी नेऊन ठेवलं होतं, तिथं तिचं डोकं भादरलं होतं. नंतर गोळ्या सुरू झाल्या आणि ती सावरली. आता भाताच्या रोवणीला जाते, बचत गटात बसते. पण भीती गेलेली नाही. ती म्हणाली, "बिमारी परत आली तं येवो मॅडम, पण लोकं परत तसंच करतीन, त्याचं भेव वाटते." मी तिला सांगितलं, बाई, हे तर कायद्यातच लिहिलं आहे, तुम्ही वेगळं लिहिलं नाही तरी चालेल. ती म्हणाली, "चालन. पण माह्या कागदावर पायजे."

हा कायदा मी पहिल्यांदा वाचला तो एका प्रशिक्षणात. जाड पुस्तिका होती. साखळीनं बांधू नये, एकांतात कोंडून ठेवू नये, भूल दिल्याशिवाय विजेचे झटके देऊ नयेत, असं वाचत वाचत मी एका ओळीवर आले. जबरदस्तीनं डोक्याचे केस काढू नयेत. त्याच्या आसपासच होतं, की माणसाला स्वतःचे कपडे घालायचे असतील तर घालू द्यावेत. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एवढी बारीक गोष्ट दिल्लीला बसून कायद्यात लिहावी लागली, म्हणजे ती किती जणींच्या वाट्याला आली असेल. शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, उकडतंय.

तुझ्या आजाराला काही कारण नव्हतं. लोकांना कारण लागतं, म्हणून कोणी म्हणालं बोडीवर, शेताजवळच्या तळ्यावर, काही दिसलं, कोणी म्हणालं करणी. पण मला आठवतं ते असं, की तू हळूहळू आमच्यापासून लांब गेलीस, आणि आमच्या लक्षात येईपर्यंत बरीच लांब गेली होतीस. एक दिवस मी शाळेतून येते तर चुलीपुढं बारा ताटं मांडलेली. महिन्याचा तांदूळ शिजवलेला, अंबाडीची भाजी गंजभर. मी विचारलं, "कोण येऊन राहिलं, माय?" तू पदरानं घाम पुसत म्हणालीस, "पावणे. लाखांदूरहून निघाले, बसमध्ये हायेत." तुझं माहेर लाखांदूरकडचं, पण तिथं तेव्हा कोणी उरलं नव्हतं. संध्याकाळी बाबा शेतावरून आले. त्यांनी ताटं पाहिली, हातपाय धुतले आणि गपचूप एका ताटावर बसले. मला खूण केली, मी दुसऱ्यावर बसले. आम्ही दोघं जेवलो. तू दहा ताटांकडे पाहत म्हणालीस, "बाकीचे उशिरा येतीन." बाबा वाईट नव्हते, माय. हे मी तुला सांगायची गरज नाही.

मग तू निघून जाऊ लागलीस. अंगावर असेल त्या लुगड्यानं रस्त्यावर जाऊन बस थांबवायचीस आणि लाखांदूरच्या गाडीत बसायचीस. कंडक्टर ओळखीचे झाले होते, ते परतीच्या गाडीनं आणून सोडायचे. एकदा मात्र तू बसनं गेली नाहीस. सकाळी बोडीत गळ्यापर्यंत पाण्यात उभी दिसलीस आणि बाबांनी उडी मारून बाहेर काढलं. त्या दिवशी गोठ्यातल्या खांबाला तुला बांधलं. बैलाचं दावं होतं, पायाला रुतू नये म्हणून बाबांनी त्याला आपलं जुनं धोतर गुंडाळलं होतं. दहा-पंधरा दिवसांसाठी, असं ते म्हणाले. पावसाळा गेला, भात कापून झाला, तरी तू तिथंच होतीस.

तुला जेवण द्यायचं काम माझं होतं. तेव्हा मी भंडाऱ्याला डी.एड.ला होते आणि सुट्टीत घरी यायचे. इस्त्रीची साडी नेसायला शिकले होते, गोठ्यातल्या शेणाचा मला वास यायला लागला होता. एकदा मी ताट खाली ठेवलं आणि लांबूनच पायानं पुढं सरकवलं. तू तोपर्यंत कुठंतरी पाहत होतीस. मान वळवलीस आणि अगदी पूर्वीच्या आवाजात, चुलीपुढून बोलायचीस त्या आवाजात म्हणालीस, "कुत्र्याले देऊन राहिली का? हातात दे." मी ताट उचलून तुझ्या हातात दिलं. तू जेवलीस. त्या दिवशी तुला सगळं कळत होतं. आम्हाला वाटायचं की तू तिथं नाहीस, आणि तू तिथंच असायचीस. पुढं शाळेत मी हजारो मुलांना खिचडी वाढली, एकाही मुलाच्या पुढं ताट सरकवलं नाही. पण त्यानं झालेलं काही पुसलं जात नाही.

गावातल्या मास्तरांनी बाबांना सांगितलं, की शहरात मोठा दवाखाना आहे, पण कोर्टाचा कागद लागतो. तेव्हाच्या कायद्याच्या नावातच वेड होतं. नवऱ्यानं अर्ज करायचा, दोन डॉक्टरांनी लिहून द्यायचं आणि मॅजिस्ट्रेट साहेबांनी माणूस पाहून हुकूम काढायचा. आषाढ होता, भाताचे पऱ्हे रोवणीसाठी उपटायला झाले होते, तरी बाबांनी काम सोडलं. तुला नवं लुगडं नेसवलं आणि आम्ही तिघं तालुक्याच्या कोर्टात गेलो. तू फार शांत होतीस. साहेब वयानं तरुण होते, त्यांनी तुला बसायला सांगितलं. मग विचारलं, "बाई, तुम्हाला काही सांगायचं आहे का?" तू म्हणालीस, "साहेब, येवढा रोवणा होऊ द्या. रोवणा झाला का मी जातो. बांधीत पाणी भरून हाये." साहेबांनी टाइप करणाऱ्याकडे पाहिलं. त्याचं मशीन थांबलेलं होतं, ते थांबलेलंच राहिलं. मग साहेब माझ्याकडे वळले. मी शिकलेली दिसत होते. त्यांनी विचारलं, "घरी सांभाळणं होत नाही का?" मी म्हटलं, "नाही." तेवढ्यावर मशीन सुरू झालं.

मी खोटं बोलले नाही. होत नव्हतंच. पण आता त्याच आवारात बसते तेव्हा मला वाटतं, की तू जे बोललीस ते वेडेपणाचं नव्हतं. घरधनीण म्हणून जे बोलायला हवं तेच तू बोललीस. आणि ते कोणी लिहून घेतलं नाही.

चार महिन्यांनी मी आणि बाबा तुला भेटायला गेलो. मोठ्या लोखंडी जाळीच्या पलीकडून एक बाई तुला घेऊन आली आणि मला वाटलं, हा कोण पोरगा. डोक्यावर केस नव्हते. निळ्या पट्ट्यांच्या जाड कापडाचा झगा होता. "उवा होतात म्हणून करावं लागतं, सगळ्यांचंच," असं ती बाई म्हणाली, आणि ती काही वाईट बोलली नाही, तिला दीडशे जणी सांभाळायच्या होत्या. तू मात्र हात सारखा डोक्यावर नेत होतीस, पदर घ्यायला. पदर नव्हता. बाबा खाली पाहत राहिले. तू विचारलंस, "लाखोरी पेरली का?" बाबा म्हणाले, "पेरली." तू सुधारली होतीस, माय. आम्हा दोघांनाही ते दिसलं. डोळे जागेवर होते, बोलणं सरळ होतं. निघताना तू मला एक पिशवी दिलीस. तिथं शिवण शिकवत होते, उरलेल्या पट्ट्यापट्ट्याच्या कापडाची तू माझ्या पुस्तकांसाठी शिवली होतीस. टाका इतका बारीक, की बाबा बोट फिरवून पाहत राहिले. म्हणालीस, "यात तुही सारी पुस्तकं मावतीन." परतीच्या गाडीत मी ती मांडीवर घेऊन बसले होते. कापड पाहून समोरच्या माणसानं विचारलं, दवाखान्यातून येऊन राहिल्या का. वरठी स्टेशनवर उतरताना मी ती पिशवी बाकावर सोडली. बाबांनी फलाटावर विचारलं, "पिशवी?" मी म्हटलं, राहिली वाटते. ते मागं पळाले, पण गाडी सुटली होती.

आता ते सांगते, जे बाबांनाही कधी कळलं नाही. पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. सपरीत, पुढच्या पडवीत, पोस्टमन आला आणि दवाखान्याचं पत्र माझ्या हातात देऊन गेला, कारण घरात वाचणारी मीच. छापील कागद होता, मधल्या रिकाम्या जागेत तुझं नाव शाईनं भरलेलं. रुग्णाची प्रकृती सुधारली असून नातेवाइकांनी येऊन घेऊन जावे. बाबा शेतावर होते. त्याच आठवड्यात मला पाहायला पाहुणे येणार होते. मुलगा कारखान्यात नोकरीला, चांगलं घर. त्यांना सांगितलं होतं की मुलीच्या आईची तब्येत नाजूक असते, हवापालटासाठी नातेवाइकांकडे ठेवली आहे. मी पत्र दोनदा वाचलं. मग शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात ठेवून दिलं. मनाशी म्हटलं, पाहुणे येऊन जाऊ देत. पाहुणे येऊन गेले, पसंती आली. मग म्हटलं, साखरपुडा होऊ दे. माघात दुसरं पत्र आलं, तसंच छापील. तेही त्याच पुस्तकात गेलं. मग म्हटलं, लग्न होऊ दे, लग्न झालं की मी स्वतः जाऊन घेऊन येईन. असं मी खरंच ठरवलं होतं. तू विश्वास ठेवावास असं म्हणत नाही.

चैत्रात लग्न झालं. तुझ्या जागी तुझी जाऊ, मोठी माय, बसली. तिसरा कागद आला, ती तार होती. मी सासरी होते, अंगाची हळद उतरलेली नव्हती. तुला हगवण लागली होती आणि तू तीन दिवसांत गेलीस, एवढंच बाबांना तिथं सांगितलं. ते शेजाऱ्याला घेऊन गेले आणि तिकडंच सगळं करून आले. मी आले तेव्हा ते सपरीत बसले होते. मला म्हणाले, "बरी होत होती ना वं. मले वाटलं होतं, एखादा दिवस चिठ्ठी येईन का घेऊन जा म्हणून." मी त्यांच्या शेजारी बसले. पुस्तक आतल्या खोलीत ट्रंकेत होतं, मी बसले होते तिथून ट्रंक दिसत होती. मी काही बोलले नाही. बाबा त्यानंतर चौदा वर्षं जगले. चौदा वर्षांत मी कितीदा तरी माहेरी गेले, त्यांच्या शेजारी बसले, आणि बोलले नाही.

नव्या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. आपल्या मर्जीनं दवाखान्यात गेलेला माणूस आपल्या मर्जीनं निघू शकतो. ज्याला दुसऱ्यानं नेलं, तोही बरा झाला की त्याला ठेवून घेता येत नाही, आणि ठेवलंच तर त्याला कायद्यानं नेमलेल्या मंडळाकडे दाद मागता येते. कोणी घ्यायला यावं म्हणून जाळीशी बसायला नको. हे मी वर्गात शिकवल्यासारखं लोकांना समजावते आणि मनात म्हणते, की हा कायदा तेव्हा असता तर माझ्या पुस्तकातल्या त्या दोन कागदांना काही किंमतच राहिली नसती. तू स्वतः सही केली असतीस. सही तुला येत होती, मीच शिकवली होती. वरठीला उतरून, बस धरून, तू माझ्या लग्नाच्या मांडवात येऊन उभी राहिली असतीस, बारीक केसांची. मग मी काय केलं असतं, हे मला माहीत नाही. दवाखान्याचं दार कायद्यानं उघडतं. घराचं कोणी उघडायचं, ते त्या पुस्तिकेत मी पुष्कळ शोधलं.

त्या एकोडीच्या बाईचा नवरा बाहेर मोटरसायकलपाशी उभा होता. बऱ्याच वेळानं आत आला. रापलेला, साधा माणूस. म्हणाला, "मॅडम, बांधाचं नाही, कोंडाचं नाही, सारं समजलं. पण ते तलावाकडे निघाली तं म्या का करू, थे कोण सांगन?" मला बाबाच समोर उभे दिसले, धोतर गुंडाळलेलं दावं हातात घेऊन. मी त्याला उपजिल्हा रुग्णालयात मनाचे डॉक्टर येतात तो वार सांगितला, गोळ्या कुठं मिळतात ते सांगितलं, फोन नंबर लिहून दिला. म्हटलं, "बांधायच्या आधी फोन करा. मला करा." तो नंबराकडे पाहत राहिला. मग आम्ही कागद पूर्ण केला. तिच्या वतीनं बोलणारी म्हणून तिनं नणंदेचं नाव सांगितलं, नवऱ्याचं नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. तो हळूच म्हणाला, "माहं नाव कोठीच नाही का?" ती म्हणाली, "तुमी हाच ना घरी. कागद त् जे नाही समजत त्यायच्यासाठी हाये." जाताना तिची पिशवी त्यानंच उचलली.

हे मी कोर्टातल्या जुन्या अर्जांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिते आहे. लिहून झालं की त्याच गठ्ठ्यात राहील आणि महिनाअखेरीला रद्दीत जाईल. ट्रंकेतली ती दोन पत्रं मी बाबांच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी चुलीत घातली, त्यामुळे आता दाखवायलाही काही नाही.

एकच गोष्ट राहिली. मागच्या महिन्यात लाखांदूरला आशा सेविकांसमोर मला बोलायचं होतं. मी अशा ठिकाणी तुझी गोष्ट सांगते. आमच्या गावात एक बाई होती, असं म्हणून सांगते. गोठा सांगते, कोर्ट सांगते, केस सांगते, आणि तिथं थांबते. आजवर पुढचं कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मागच्या रांगेतली एक तरुण मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मंग मॅडम, थ्या बाईचं का झालं?" सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हटलं, "बरी झाली. पत्र आलं, आणि तिची पोरगी जाऊन तिला घरी घेऊन आली." ती मुलगी "बरं झालं बाई" असं म्हणाली, खाली बसली आणि तिनं ते वहीत लिहून घेतलं.